एक थांबा कमी

गावात तिला आता 'गाडीवाली ताई' म्हणतात. बाजारात कुणी ओळख करून देताना म्हणतं, "सातनंतरची गाडी आपल्याकडे आणली ना, त्या ह्याच बरं का!" मग समोरचा माणूस कौतुकानं बघतो, म्हणतो, "वा, तुमचे उपकार आहेत आमच्यावर." अशा वेळी ती घाईघाईनं विषय बदलते, नाहीतर पिशवीत नसलेली वस्तू शोधायला लागते. लोकांना वाटतं, बाई फार साधी आहे, मोठेपणा घेत नाही. तो साधेपणा नाही हे तिच्या नवऱ्याला माहीत आहे.

गाडी यायच्या आधी तिला सगळे 'कवळीताई' म्हणत. शहरात एका इमारतीच्या तळघरात कवळ्या बनवायचं वर्कशॉप होतं, तिथं ती लग्नाआधीपासून कामाला. दुपारी दातांच्या डॉक्टरांकडून तोंडांचे साचे यायचे. त्यात प्लॅस्टर ओतायचं, वर गुलाबी मेणाची हिरडी करायची आणि त्या मेणात एकेक दात बसवायचा. दात बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण साचे यायचेच दुपारी, त्यामुळं हात धुऊन बाहेर पडायला सात वाजायचे. "लोकांना चावायला दात देते," ती म्हणायची, "आणि मला स्वतःला गरम जेवण मिळत नाही."

ते खरंच होतं. तिचं गाव साध्या गाड्यांच्या टोकाला. शहरातून संध्याकाळी दोन गाड्या सुटायच्या. पाचनंतरची गाडी थेट गावापर्यंत यायची, पण ती हिच्या कामाची नव्हती. सातनंतरची गाडी मधल्या जंक्शनपर्यंत यायची आणि तिथंच बसकण मारायची. जंक्शनच्या बाहेर खासगी गाड्या उभ्या असत. भरल्याशिवाय हलायच्या नाहीत, आणि हलल्या की थांबायच्या नाहीत. घरी पोचेपर्यंत लेक जेवून झोपलेली असायची. नवऱ्याचं गावात सलून होतं. तो दिवसभर लोकांच्या डोक्याशी बोलून दमलेला, खुर्चीत पेंगत तिची वाट बघायचा.

सकाळची गाडी मात्र सगळ्यांची एकच. गाव सोडलं की पुढचाच थांबा एक छोटा, नुसता सिमेंटचा ओटा आणि वर पत्रा. आसपास पन्नाससाठ घरं असतील. त्या थांब्यावर लिफ्टमावशी चढायच्या.

मावशी शहरातल्या एका मोठ्या सरकारी इमारतीत लिफ्ट चालवायच्या. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. आत एक उंच स्टूल, हाताखाली पितळी दांडा. "दिवसभर वरखाली करते," त्या म्हणायच्या, "पण बढती काही होत नाही." वयानं ताईपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, आवाज खणखणीत, आणि तोंडाला कुलूप कसं ते ठाऊकच नाही. घरी म्हातारे वडील, त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. ते रेडिओ इतका मोठ्यानं लावायचे की मावशी म्हणायच्या, "बाबांना दिसत नाही, म्हणून अख्ख्या वस्तीनं ऐकायचं."

ताई रोज खिडकीजवळ पिशवी ठेवून त्यांची जागा धरायची. सुरुवातीला ती त्यांना 'मावशी, तुम्ही' म्हणायची. मग एका हिवाळ्यात दोघी एका शालीत बसून गेल्या, आणि तुम्हीचं 'तू' कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही.

एक दिवस जंक्शनवरून निघालेली खासगी गाडी मध्येच बंद पडली. ताई आणि आणखी चारपाच जण अंधारात रस्त्यानं चालत गावात आले. दुसऱ्या दिवशी तिचा सुजलेला पाय बघून मावशी गाडीतच गरजल्या, "अगं, जंक्शनपर्यंत येते ना गाडी? मग पुढं यायला तिला काय धाड भरलीय? रूळ आहेत, स्टेशन आहे, माणसं आहेत!"

"कोण ऐकणार आपलं?"

"ऐकवल्याशिवाय कोण ऐकणार?"

लढा तिथून सुरू झाला. एक गोष्ट पुढं ताईला फार छळणार होती, ती म्हणजे मावशींना त्या गाडीची काही गरजच नव्हती. त्यांची लिफ्ट पाचला बंद व्हायची. पाचनंतरच्या गाडीनं त्या उजेडी घरी पोचायच्या. सातची गाडी आली काय नि न आली काय, त्यांचं काही अडत नव्हतं. ताईनं एकदा विचारलंही होतं, "तू कशाला एवढी धावपळ करतेस गं?" त्यावर मावशी म्हणाल्या, "तुझी पोरगी आईला फक्त सकाळी बघते. ते मला बरं वाटत नाही." बस्स, एवढंच कारण.

प्रवाशांचं मंडळ झालं. बैठका नवऱ्याच्या सलूनमध्ये, सुट्टीच्या दिवशी. फिरत्या खुर्च्यांवर बसण्यासाठी मोठमोठी माणसं पोरांसारखी भांडायची. मंडळाचा चिटणीस म्हणून रंगाच्या दुकानाचा मालक निवडला गेला. त्याला सगळे रंगवाला म्हणत. बोलायला गोड, हिशेबी, कुठल्याही गोष्टीवर एक हात फिरवून ती चकचकीत करणारा. सह्या गोळा झाल्या, अर्ज गेले. अर्ज पोचल्याची पोच आली, आणि पुढं सगळं थंड. रेल्वेच्या साहेबांची भेट काही मिळेना. त्यांचा कारकून म्हणायचा, साहेब दौऱ्यावर आहेत.

"दौऱ्यावर?" मावशी फिस्कन हसल्या. "रोज सकाळी मीच नेते की त्याला वर!"

रेल्वेचं कार्यालय त्यांच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर होतं. मग मावशींनी साहेबाला रोज एक वाक्य ऐकवायला सुरुवात केली. जास्त नाही, एकच. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "साहेब, आमची सातची गाडी जंक्शनलाच थांबते." साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी, "साहेब, गाडी जंक्शनला रात्रभर रिकामी उभी असते." असं चाललं. एक दिवस त्यांनी चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबवली, जाळी उघडली आणि अदबीनं म्हणाल्या, "उतरा साहेब."

"अहो, मला सहाव्यावर जायचंय!"

"हो, पण लिफ्ट इथपर्यंतच. पुढचं तुमचं तुम्ही बघा. आमच्याशी रोज असंच होतं."

लिफ्टमधले बाकीचे लोक खो खो हसले. साहेब आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी त्याच आठवड्यातली भेटीची वेळ दिली. ही हकिगत ताईनं गाडीत इतक्यांदा सांगितली की तिकीट तपासनिसालाही ती पाठ झाली होती.

भेटीच्या दिवशी ताईनं अर्धी रजा काढली. रंगवाला आणि मंडळाचे आणखी दोघे सोबत. मावशींना लिफ्ट सोडून येता येईना. त्यांनी चौघांना वर नेलं, जाळी उघडली आणि ताईच्या कोटावरची प्लॅस्टरची भुकटी झटकत म्हणाल्या, "घाबरू नकोस. वाघ नाही तो. मी रोज बघते, बुटाची नाडी सुटलेली असते त्याची. जा, आणि माझ्याही वतीनं बोल."

साहेब खरंच वाघ नव्हते. त्यांनी सगळ्यांना बसवलं, भिंतीवरचा नकाशा दाखवला. म्हणाले, "गाडी पुढं आणता येईल. पण मार्ग एकेरी आहे, आणि सातच्या गाडीपाठोपाठ मेल असते, ती तुमच्या गावात न थांबता पुढं जाते. तिच्यासाठी रूळ मोकळा करून द्यावा लागतो. तेव्हा दोन गोष्टी होतील. संध्याकाळी तुमच्यासाठी एकच गाडी पुढं सोडता येईल, म्हणून पाचची यापुढं जंक्शनपर्यंतच येईल, आणि सातची पुढं तुमच्या गावापर्यंत. मधल्या त्या छोट्या थांब्यावर तिला थांबता येणार नाही. तेवढी मिनिटं नाहीत आमच्याकडं."

मग रंगवाला म्हणाला, "म्हणजे त्या थांब्याला संध्याकाळची गाडीच नाही."

"सध्या तरी नाही. तिथं चढउतार फार थोडी आहे. तुम्हाला विचार करायचा असेल तर करा, पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात बघू. पण ह्या वर्षीचं छापायला चाललंय. हो म्हणालात तर आज घालतो."

रंगवाल्यानं ताईकडं पाहिलं. मावशींची मैत्रीण म्हणजे तीच, हे त्यालाही माहीत होतं. बाकीचे दोघे टेबलाकडं बघत राहिले. साहेब म्हणाले, "बाई, ह्या मागणीमागं मुख्य तुम्ही आहात असं ऐकलंय. तुमचं काय म्हणणं?"

ताईनं पुढं कितीदा तरी तो क्षण परत परत जगून पाहिला. 'विचारून सांगते' म्हणता आलं असतं. 'लिफ्टमध्ये बसलीय ती, बोलावते' म्हणता आलं असतं. एक वर्ष थांबलो असतो तर आकाश कोसळणार नव्हतं. पण त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर काय आलं, तर जंक्शनबाहेरचा काळोख आणि अंथरुणात पाठ करून झोपलेली लेक. मनाशी तिनं तेवढ्यात हिशेबही मांडला: इकडं शेकडो माणसं, तिकडं मूठभर. हिशेब चोख होता. त्याच्या आडोशाला उभं राहून ती म्हणाली, "चालेल."

साहेब उठले, सगळ्यांचे हात हातात घेतले. बाहेर येताच रंगवाला म्हणाला, "जिंकलो!" आणि त्यानं लिफ्टची घंटा दाबली. खालून साखळ्यांचा खडखडाट वर येऊ लागला. ताई जिन्याकडं सरकली.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मी जिन्यानं येते. लिफ्टमध्ये जरा गुदमरतं मला."

वर येताना गुदमरलं नव्हतं. ती सहा मजले उतरली, आणि तळमजल्यावर पुढच्या दाराकडं न जाता उपाहारगृहाच्या मागच्या दारानं, कचऱ्याच्या पिंपांमधून वाट काढत रस्त्यावर आली. वर्कशॉपमध्ये परत जाऊन तिनं एक अख्खी कवळी मोडून पुन्हा बसवली. दात सरळ बसेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखी पिशवी ठेवून जागा धरली. थांब्यावर मावशी चढल्या. चेहरा नेहमीचाच. बसल्या, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "मिळाली म्हणे गाडी तुम्हाला. छान झालं."

तुम्हाला. ताईनं त्या शब्दाला धरून ठेवलं. तुम्हाला म्हणजे तुम्हा सगळ्यांना, गावाला, असंच म्हणायचं असेल तिला. पण थोड्या वेळानं एक म्हातारे गृहस्थ आले, तेव्हा मावशी उठल्या, आणि ताईही उठू लागली तर म्हणाल्या, "नाही नाही, तुम्ही बसा." आता त्यात दुसरा अर्थ काढायला जागाच नव्हती.

ताईनं तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण मावशी बाबांच्या रेडिओचं काहीतरी सांगू लागल्या, हसतही होत्या, आणि ताई त्या हसण्याला हसली. जे पहिल्या दिवशी बोललं जात नाही ते दुसऱ्या दिवशी दुप्पट जड होतं. आठवडा गेला, महिना गेला. दोघी रोज शेजारी बसायच्या. थांब्याचा विषय मध्ये असा बसलेला असायचा, जणू तिसरी बाईच. त्याला दोघी वळसा घालून बोलायच्या.

नवी गाडी सुरू झाली. गावच्या स्टेशनवर बँड वाजला. रंगवाल्यानं इंजिनापुढं भाषण केलं, त्यात ताईचं नाव तीनदा घेतलं. त्या रात्री लेक जागी होती, तिघं एकत्र गरम जेवली, आणि लेक शाळेतलं काहीबाही इतकं बोलली की नवरा म्हणाला, "अगं, आईला घास तरी गिळू दे." ताईला त्या सुखाचा घास घशाखाली उतरेना. सुख खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती.

मावशींचं आता असं झालं: पाचला लिफ्ट बंद, पाचच्या गाडीनं जंक्शन. तिथं बाकावर बसून सातच्या गाडीची वाट बघायची. ती आली की त्याच गाडीत, जिथं ताई बसलेली असायची. मग गाडी त्यांच्या थांब्यावरून न थांबता धडधडत जायची. मावशी खिडकीतून आपल्या घराचं छप्पर मागं जाताना बघायच्या. गावच्या स्टेशनवर उतरून रस्त्यानं तेवढंच अंतर उलटं चालायच्या. ताई म्हणाली, "आज आमच्याकडंच राहा ना."

"बाबा आहेत घरी. दिव्याची त्यांना गरज नाही, पण जेवण लागतं," मावशी म्हणाल्या. "तुम्ही काळजी करू नका."

नवरा दोनचारदा सायकलवर त्यांना सोडून आला. पुढं मावशींनी त्यालाही नको म्हणून सांगितलं.

सलूनमध्ये सगळ्या बातम्या येतात. थांब्याकडचा एक माणूस दाढी करायला आला होता. त्याला ठाऊक नव्हतं की खुर्ची कुणाची. साबण लावलेल्या तोंडानं तो म्हणाला, "गावातल्या त्या बाईनं विकलं आम्हाला. स्वतःची पोळी भाजून घेतली." नवऱ्यानं ते घरी सांगितलं, कारण न सांगता ठेवणं त्याला जमत नसे. ताई भांडी घासत होती. ती म्हणाली, "खरंच आहे त्याचं." आणि घासत राहिली, घासलेलंच पुन्हा.

एके सकाळी मावशी थांब्यावर दिसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. ताई जागेवर पिशवी ठेवत राहिली आणि उभी असलेली माणसं त्या पिशवीकडं रागानं बघत राहिली. शेवटी ती दुपारच्या सुट्टीत त्या इमारतीत गेली. घंटा दाबली. लिफ्ट खाली आली, जाळी उघडली, आणि स्टुलावर एक अनोळखी गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसलेले. "त्या बाई? सोडली त्यांनी नोकरी. घरी म्हाताऱ्याला वेळेवर जेवण मिळेना म्हणे. कितव्या मजल्यावर जायचंय?"

"कुठंच नाही," ताई म्हणाली.

त्या रविवारी ती चालत थांब्याच्या वस्तीत गेली. इतकी वर्षं मैत्री, पण घर पाहिलेलं नव्हतं. रेडिओच्या आवाजावरून सापडलं. मावशी अंगणात कोंबड्यांची जाळी बांधत होत्या. वर पाहिलं, म्हणाल्या, "या. बसा."

ताई बसली नाही. "मी सांगायला आलेय. साहेबांनी विचारलं तेव्हा मी... तुमच्या थांब्याचं... मीच हो म्हटलं."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

मावशींच्या हातातली तार खाली पडली. आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेला तो खणखणीत आवाज सुटला. "कधीपासून? त्याच दिवशी! तुझा तो रंगवाला लिफ्टमध्ये शिरताच म्हणाला, मावशी, मंजूर, फक्त तुमचा थांबा तेवढा वगळलाय, ताईंनीच हो म्हटलं. असं म्हणाला, जणू काही बक्षीस देतोय! मला वाटलं, असेल. काहीतरी कारण असेल. ती येईल आणि सांगेल. मी लिफ्ट खाली धरून ठेवली. वरून घंटा वाजताहेत, लोक ओरडताहेत, अधिकारी जिन्यात पाय आपटताहेत, आणि मी दार उघडं ठेवून बसलेय, तू उतरशील म्हणून. तू मागच्या दारानं गेलीस. उपाहारगृहातल्या पोऱ्यानं पाहिलं तुला, पिंपांमधून पळताना."

ताईनं खाली पडलेली तार उचलली.

"गाडीचं मी समजले असते गं," मावशी म्हणाल्या, आणि आवाज एकदम खाली आला. "तू खाली येऊन म्हणाली असतीस ना, मावशी, अशी अशी अट आहे, काय करू, तर मीच म्हटलं असतं, घे. तुझी पोरगी लहान आहे, घे. पण मला तू विचारायच्या लायकीची समजली नाहीस. आणि वर महिनोन्महिने शेजारी बसून रेडिओच्या गोष्टी ऐकत राहिलीस."

आतून म्हातारे बाबा ओरडले, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही बाबा!" मावशी ओरडल्या. मग ताईकडं बघून, जरा ओशाळून म्हणाल्या, "गावातली आहे एक."

परतताना ताई रुळांच्या कडेनं चालत आली. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण आलं नाही. माफी मागितली तर समोरच्यावर माफ करायचं ओझं पडतं, हे तिला वाटेत उमगलं. मागायची तर गोष्ट मागावी, थांबा मागावा.

पुढच्या बैठकीत तिनं विषय काढला. मंडळानं आता थांब्यासाठी लढायला हवं. मग रंगवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, हातातोंडाशी आलेला घास आहे. उगाच हात लावायला जाल आणि आहे तीही गाडी जाईल. शिवाय तिथं माणसं किती?"

"ती चौथ्या मजल्यावरची गोष्ट हसून हसून सांगता ना सगळ्यांना? ती बाई तिथं राहते."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

बाकीच्यांनी माना खाली घातल्या, पण हात एकाचाही वर आला नाही. नवऱ्यानं भिंतीला टेकून सगळं ऐकलं. बैठक उठल्यावर तो खुर्च्या पुसत म्हणाला, "बरोबर बोललीस. उशिरा बोललीस, पण बरोबर."

मग ती एकटीच फिरू लागली. थांब्याच्या वस्तीत दारोदार गेली. पहिल्याच घरी एका म्हातारीनं विचारलं, "आता काय विकायचं राहिलंय, बाई?" दुसऱ्या घरानं दार उघडलं नाही. ती पुढच्या रविवारी परत गेली. शिव्या खाल्ल्या, पाणी पिऊन आली, परत गेली. हळूहळू एक गवंडी आणि शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी तिच्याबरोबर यायला तयार झाल्या. मावशींच्या घरासमोरून ती जायची, पण आत शिरायची नाही. रेडिओ वाजत असायचा.

सहाव्या मजल्यावर आता दुसरे साहेब होते. त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती चौघं किती दुपारी बसली त्याची गणती नाही. नवे साहेब म्हणायचे, "पण मागच्या वेळी तुमच्याच मंडळानं संमती दिली होती ना?" ती दर वेळी म्हणायची, "मंडळानं नाही, मी दिली होती. चूक होती." तेवढं वाक्य म्हणायला तिला दर वेळी नव्यानं ताकद लावावी लागायची. वर्कशॉपच्या मालकानं रजांवरून कुरकुर केली. रंगवाला रस्त्यात ओळख दाखवेनासा झाला.

दीडेक वर्षानं थांबा मिळाला. पण तिथंही एक गोम होती. जंक्शनच्या पुढं मेलसाठी दुसरा रूळ पडला होता, त्यामुळं मिनिटांचा प्रश्नच उरला नव्हता. साहेबांनी निरोप दिला तेव्हा मोकळेपणानं सांगितलं, "बाई, खरं म्हणजे हे असंही होणारच होतं. तुम्ही उगाच एवढ्या खेपा घातल्यात." ते दिलासा द्यायला म्हणाले होते. ताईला वाटलं, फेडायला म्हणून जे आणलं होतं तेही कुणीतरी हातातून काढून घेतलं.

गाडी पहिल्यांदा थांब्यावर थांबली तेव्हा भाषण नव्हतं, बँड नव्हता. गवंडी उतरला, शिवणकामवाल्या बहिणी उतरल्या, आणखी पाचसहा जण. ताईचं स्टेशन पुढचं होतं, तरी तीही उतरली. ओट्यावर एक दिवा नवा लावला होता, त्याखाली किडे भिरभिरत होते. सगळे आपापल्या वाटेनं पांगले. मावशी आल्या नव्हत्या. त्या आता कुठल्या गाडीनं येणार होत्या? त्यांनी नोकरी सोडली होती, शहराशी संबंध सुटला होता. त्या अंडी विकायच्या.

ताई मावशींच्या घरी गेली तर त्या अंड्यांच्या टोपल्या पुसत होत्या. वयानं एकदम पुढं गेल्यासारख्या दिसल्या. "थांबली वाटतं गाडी," त्या म्हणाल्या. "आवाज आला. बाबांनी रेडिओ बंद करून ऐकली."

"थांबली."

"चांगलं झालं. शिवणवाल्या पोरींचे हाल होत होते."

ताईनं पाहिलं, कोपऱ्यात एक टोपली रिकामी होती. न विचारता तिनं फडकं घेतलं आणि खाली बसून टोपली पुसायला घेतली. मावशींनी अडवलं नाही, आग्रहही केला नाही. बाबा आतून म्हणाले, "कोण आलंय गं?" या वेळी मावशींनी हातातली टोपली आधी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माझ्याबरोबर गाडीत असायची ना, ती."

"ती कवळीवाली? तिला म्हणावं, माझी खालची फार टोचते."

मावशींना हसू फुटलं, ताईलाही. पण ते पूर्वीचं हसू नव्हतं. थोडं हसून दोघी थांबल्या आणि पुन्हा टोपल्यांकडं वळल्या. निघताना मावशी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "येत जा." बोलावणं होतं की दारात म्हणायचं असतं म्हणून म्हटलेलं, हे ताईला कळलं नाही. विचारायचा तिला धीर झाला नाही.

ती जाते मात्र. रविवारी, सकाळच्या गाडीनं. कधी मावशी बोलतात, कधी कामातच असतात. मग ताई बाबांजवळ बसते आणि रेडिओ ऐकते.